संत्र्याची फोड आणि तीन रकाने

[दृश्य: डिसेंबरची सकाळ. नागपूर, धरमपेठेतील एका घराचा तळमजला. बुटके टेबल, बशीत संत्र्याच्या सोललेल्या फोडी.]

चार वर्षांचा हा स्वमग्न मुलगा अजून बोलत नाही. हवी असलेली वस्तू दिसली की तो समोरच्याचे मनगट धरून ओढतो आणि तेवढ्याने काम झाले नाही तर किंचाळतो. उपयोजित वर्तन विश्लेषण या पद्धतीने त्याला शिकवणाऱ्या ताई बशी झाकत नाहीत, रागावतही नाहीत. एक फोड त्याच्या डोळ्यांसमोर धरून त्या 'दे' एवढेच म्हणतात आणि वाट पाहतात.

[दहा सेकंद केवळ खोलीतला आवाज.]

अर्धवट 'दे' उमटतो आणि त्याच क्षणी फोड त्याच्या हातात येते.

ताईंनी उच्चारलेला 'दे' म्हणजे प्रॉम्प्ट, पुढे टप्प्याटप्प्याने काढून घ्यायचा आधार. अर्धवट उच्चारही स्वीकारून अपेक्षा हळूहळू वाढवत नेण्याला आकारण म्हणतात. फोड ही प्रबलक आहे की नाही, हे मात्र नुसत्या बशीकडे पाहून ठरत नाही. तिच्यामुळे 'दे' म्हणण्याचे प्रमाण पुढे वाढले तरच ती प्रबलक. घरून पोटभर पोहे खाऊन आलेल्या दिवशी तीच फोड तसे काम करीलच असे नाही. म्हणून 'बक्षीस' हा शब्द येथे अपुरा पडतो.

[दृश्य: जुनी छायाचित्रे.]

वर्तन त्याच्या परिणामांनी घडते, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी 1930 च्या दशकात उंदरांवरील प्रयोगांतून मांडले. 1968 साली बेअर, वुल्फ आणि रिस्ले या संशोधकांनी पद्धतीच्या नावातील 'उपयोजित' या शब्दाचा अर्थ निश्चित केला: अभ्यासासाठी निवडलेले वर्तन त्या व्यक्तीच्या आणि समाजाच्या दृष्टीने महत्त्वाचे असले पाहिजे.

[दृश्य: आईची वही, जवळून. तीन उभे रकाने.]

आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर काय झाले. मंगळवारची नोंद पाहा: मणी ओवायला दिले, त्याने डबा फेकला, आईने मणी उचलून ठेवले. या नोंदीत ऋण प्रबलन आहे, आणि सर्वाधिक गोंधळ याच शब्दाचा होतो. ऋण म्हणजे वाईट नव्हे आणि शिक्षाही नव्हे. ते गणितातले उणे चिन्ह आहे. नकोसे काम समोरून गेले, त्यामुळे डबा फेकण्याचे वर्तन बळावले. शिक्षेने वर्तन घटते, प्रबलनाने वाढते, मग काही दिलेले असो वा काढून घेतलेले. त्याच ओळीत आईचेही वर्तन बळावले आहे, कारण मणी उचलताच घर शांत झाले. हे तिला ताईंनी दाखवले तेव्हा ती बराच वेळ हसत होती.

डबा फेकण्यामागचे कार्य, म्हणजे त्यातून मुलाला जे साधायचे ते, सुटका हे आहे, असे अनेक नोंदींवरून लक्षात आल्यावर उपाय बदलतो. 1985 साली कार आणि डुरँड या संशोधकांनी दाखवल्याप्रमाणे, तेच कार्य साधणारी संवादाची दुसरी रीत शिकवता येते. आता टेबलाच्या कडेला 'थांब' असे लिहिलेले कार्ड आहे. ते दिले की मणी लगेच बाजूला होतात, आणि डबा फेकला तर होत नाहीत. या दुसऱ्या भागाला विलोपन म्हणतात. त्यात फेकणे कमी होण्याआधी काही काळ वाढू शकते. हे आधी सांगितले नाही, तर घरचे नेमके तेव्हाच माघार घेतात.

या पद्धतीच्या सुरुवातीच्या काळात मुलांना विजेचे धक्केही दिले गेले, आणि आजही अनेक प्रौढ स्वमग्न व्यक्तींचे तिच्यावर गंभीर आक्षेप आहेत.

[दृश्य: घराची गच्ची, संध्याकाळ. आजी संत्रे सोलत आहेत.]

टेबलाशी शिकलेला शब्द दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या माणसापाशी वापरला जाणे म्हणजे सामान्यीकरण. येथे ताई नाहीत आणि प्रॉम्प्टही नाही.

[मुलगा: "दे."]

आजींनी अख्खे संत्रे त्याच्या हातात ठेवले. आईने वही उघडून तिसऱ्या रकान्यात तेच लिहिले.