ढकलगाडी आली की बोट दाखवायचं

[हाँगकाँग, सेंट्रल. सकाळचं चहाघर, माणसांनी भरलेलं.]

डिम सम म्हणजे छोटे छोटे, बहुतेक वाफवलेले चिनी पदार्थ. ते खायला जुन्या पद्धतीच्या चहाघरात गेलात, तर तुम्हाला टेबलापर्यंत न्यायला कुणी येईलच असं नाही. जागा आपली आपण हेरायची. कुणाचं आटोपत आलंय ते बघायचं आणि त्या खुर्चीमागे जाऊन उभं राहायचं. गोल टेबलाभोवती अनोळखी माणसं आधीच बसलेली असतात, त्यांत आपणही सामील व्हायचं. कुणाला त्याचं काही वाटत नाही. शेजारचे आजोबा वर्तमानपत्रातून मानही वर करत नाहीत.

पहिला प्रश्न चहाचा. पु-अर, जाई घातलेला चहा, की तिएग्वानयिन? बहुतेक जुनी गिऱ्हाइकं पु-अर सांगतात. तो काळपट असतो, मातकट वासाचा, आणि तेलकट खाण्यावर बरा पडतो असं इथली माणसं मानतात. डिम सम हे मुळात या चहासोबतचं खाणं. म्हणून चहाचे पैसे माणशी वेगळे लागतात आणि किटली कितीही वेळा भरून मिळते. पाणी हवं असेल तर हाक मारायची गरज नाही, झाकण तिरकं करून ठेवलं की पुरे.

[दोन बोटं टेबलावर टकटक करताना.]

कुणी आपल्या पेल्यात चहा ओतला की दोन बोटं वाकवून टेबलावर हलकेच टकटक करायची. हे झालं धन्यवाद. आख्यायिका अशी, की अठराव्या शतकातला चीनचा छ्येनलाँग बादशहा वेश पालटून फिरत होता आणि त्याने आपल्या सेवकाला स्वतः चहा ओतून दिला. साष्टांग नमस्कार घातला तर बिंग फुटणार, म्हणून सेवकाने बोटंच वाकवली.

आणि मग गाड्या येतात. पत्र्याच्या ढकलगाड्या, त्यांवर बांबूच्या टोपल्यांची चळत, आणि ढकलणाऱ्या बाई पदार्थांची नावं मोठ्याने पुकारत टेबलांमधून वाट काढतात. तुम्ही बोट दाखवायचं. त्या झाकण उचलून दाखवतात, टोपली टेबलावर ठेवतात आणि तुमच्या कार्डावर शिक्का मारतात. लहान, मध्यम, मोठा, खास, अशा दरांच्या रकान्यांतले शिक्के मोजले की झालं बिल.

[स्वयंपाकघर. आचाऱ्याचे हात, जवळून.]

पहिल्यांदा मागवायचा तो हार गाऊ. अर्धपारदर्शक पारी, आत कोलंबी. गव्हाच्या पिठातला चिवटपणा धुऊन काढला की मागे जे सत्त्व उरतं, त्याची ही पारी. आपण कुरडयांसाठी ज्या गव्हाचा चीक काढतो, तोच हा. त्यावर उकळतं पाणी ओतून मळतात. मग आचारी सुपारीएवढी गोळी घेतो, रुंद सुऱ्याच्या पात्याला तेलाचा हात लावतो आणि ते पातं गोळीवर आडवं दाबून फिरवतो. लाटणं नाहीच. पातळ चकती निघते. तिच्यात कोलंबी आणि बांबूच्या कोंबाचे बारीक तुकडे. कडेला चुण्या पडतात, सातपेक्षा कमी पडल्या तर जाणकार नाक मुरडतात. कडक वाफेवर चारपाच मिनिटं, बस्स.

अडचण इथेच आहे. जास्त वेळ वाफेत राहिली तर ही पारी चिकट होते, फाटते. गार झाली तर घट्ट होते. गाडी मात्र फिरत राहते.

म्हणून, आणि जागेच्या भाड्यामुळेही, गाड्या कमी होत गेल्या. गाड्यांना रुंद वाट लागते, प्रत्येक गाडीमागे एक माणूस लागतो. आता बहुतेक ठिकाणी छापील कागदावर खुणा करायच्या, पदार्थ तेव्हाच वाफवून येतो. 2009 साली माक क्वाय-पुई या आचाऱ्याने हाँगकाँगच्याच माँग कॉक भागात टिम हो वान नावाचं चिमुकलं दुकान काढलं, तेही याच पद्धतीचं. तीन मिशेलिन तारे, म्हणजे मिशेलिन या खाद्य-मार्गदर्शिकेचा सर्वोच्च मान, मिळवलेल्या हॉटेलातून तो बाहेर पडला होता. या स्वस्त दुकानालाही एक तारा मिळाला आणि बाहेर रांगा लागल्या.

चवीचा निवाडा कागदाच्या बाजूने जातो, हे मान्य करायलाच हवं. तरीही मी गाडीच्या बाजूची आहे. कागदावर आपण ओळखीच्या नावांपुढेच खूण करतो. गाडी अनोळखी पदार्थ थेट नाकासमोर आणते.

[कोंबडीच्या पायांची टोपली.]

उदाहरणार्थ, कोंबडीचे पाय. नुसतं नाव वाचून पहिल्यांदाच आलेलं कोण मागवेल? पण झाकण उघडतं, लसूण आणि आंबवलेल्या काळ्या सोयाबीनचा वास येतो, आणि हात पुढे होतो. या पायांवर केवढी मेहनत असते! नखं काढायची, तेलात तळायचे, मग पाण्यात भिजत घालायचे म्हणजे कातडी फुगून सुरकुतते. चक्रीफूल घालून मऊ शिजवायचे आणि शेवटी मसाला लावून वाफवायचे. खाताना अख्खा तुकडा तोंडात घ्यायचा, जिभेने कातडी सोडवायची, बारीक हाडं ताटलीत टाकायची.

वेलिंग्टन स्ट्रीटवरच्या लिन हिउंग या चहाघरात गिऱ्हाइकं गाडीची वाटही बघत नसत. कार्ड हातात घेऊन सरळ तिच्यावर धावून जात. या नावाचं मूळ दुकान दक्षिण चीनमधल्या ग्वांगचौ शहरातलं, 1889 सालचं. हाँगकाँगमधलं 2022 मध्ये बंद पडलं तेव्हा जुने लोक फोटो काढायला जमले होते. 2024 मध्ये ते पुन्हा उघडलं.

शाकाहारी मंडळींनी जपून. बहुतेक टोपल्यांत डुक्कर नाहीतर कोलंबी असते, मुळ्याच्या वड्यांतही सुकट आणि सॉसेज घालतात. त्यांच्यासाठी बौद्ध शाकाहारी उपाहारगृहं आहेत, तिथे मशरूम आणि टोफूचं डिम सम मिळतं.

गाड्याच बघायच्या असतील तर सेंट्रलच्या सिटी हॉलमधलं मॅक्सिम्स पॅलेस गाठा. रविवारी अख्खी कुटुंबं लोटतात, तेव्हा सकाळी लवकर जा. आणि स्वयंपाकघराच्या दाराजवळचं टेबल मिळालं तर सोडू नका. गाडी तिथूनच निघते, हार गाऊ तिथेच सगळ्यात ताजा मिळतो.