पन्नास माणसं उभी करायचं गणित

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘यशवंतरावांची संसदेतली कामगिरी’. त्याकडे येतोच, पण आधी एक गाऱ्हाणं. साताऱ्यात खासदार कशावरून ओळखायचा? एस.टी.च्या थांब्यावरच्या पाटीवरून! ‘खासदार निधीतून’. हा निधी सुरू झाला डिसेंबर 1993 मध्ये. आज तो वर्षाला 5 कोटी आहे. खासदार काम फक्त सुचवतो, मंजुरी जिल्ह्याच्या कचेरीतून होते. साहेब, म्हणजे यशवंतराव चव्हाण, गेले 25 नोव्हेंबर 1984 ला. म्हणजे आपल्या मापानं त्यांच्या नावावर एक थांबासुद्धा नाही. (हशा)

1963 ला ते नाशिकमधून बिनविरोध लोकसभेत गेले. पुढे 1967, 71, 77 आणि 80 असे चार वेळा सातारा. संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र ही खाती तर इथल्या पोरांनाही पाठ आहेत. मला बोलायचंय ते जुलै 1979 बद्दल.

10 जुलैला साहेब पुन्हा विरोधी पक्षनेते झाले आणि दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान मोरारजीभाई देसाईंच्या जनता पक्षाच्या सरकारवर त्यांचा अविश्वास ठराव आला. आता हा ठराव येतो कसा? लोकसभेचा नियम 198. सकाळी दहाच्या आत लेखी नोटीस द्यायची. मजकूर एका ओळीचा, कारणं लिहायची गरज नाही. एकट्या मंत्र्यावर तो आणता येत नाही, अख्ख्या मंत्रिमंडळावरच आणावा लागतो. मग अध्यक्ष विचारतात, अनुमती द्यावी असं कोणाला वाटतं? तिथं किमान 50 सदस्य जागेवर उभे राहावे लागतात. एकोणपन्नास उभे राहिले तर ठराव तिथंच बारगळला. गावच्या सोसायटीच्या सभेत कोरमसाठी माणसं गोळा करणाऱ्यांना हे दुखणं सांगायला नको! अनुमती मिळाली की दहा दिवसांच्या आत चर्चा घ्यावी लागते.

इथं चर्चा सुरू झाली, पण मतदानाची वेळच आली नाही. जनता पक्षातून माणसं रोज फुटत होती. 15 जुलैला मोरारजीभाईंनी राजीनामा दिला. ठरावानं सरकार पाडलं असं आपण सर्रास म्हणतो. खरं तर आकडा मोजायच्या आधीच ते गेलं. पुढची गंमत बघा. 28 जुलैला चरणसिंग पंतप्रधान, साहेब उपपंतप्रधान. म्हणजे विरोधी बाकावरून सरकारात यायला पुरते तीन आठवडेही लागले नाहीत. आणि 20 ऑगस्टला त्या सरकारनं लोकसभेपुढं बहुमत सिद्ध न करताच राजीनामा दिला! ज्यांनी दुसऱ्याला विश्वासाचा हिशेब मागितला, त्यांच्यावर तो द्यायची पाळीच आली नाही. साहेबांवर माया असली तरी हे बोललं पाहिजे.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. मुख्य मुद्दा राहिलाच, तो प्रश्नोत्तराच्या तासाचा. भरभर सांगतो. आजच्या नियमानं किमान 15 दिवस आधी नोटीस लागते. रोज 20 तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे, प्रश्न, तेही सोडतीनं, आणि एका सदस्याचा एकच. राज्याच्या अखत्यारीतला विषय असेल किंवा बाब न्यायप्रविष्ट असेल, तर प्रश्न नाकारला जातो. आपल्या गल्लीतल्या गटाराचा प्रश्न दिल्लीत का निघत नाही, ते यावरून कळेल. छापील उत्तर खातं लिहून देतं. मंत्र्याला घाम फुटतो तो पुरवणी प्रश्नांना. विचारणाऱ्याला साधारण दोन मिळतात, मग बाकीचे तुटून पडतात. साहेबांनी हा मारा वर्षानुवर्षं मंत्र्यांच्या बाकावरून झेलला. त्या वीसातले बहुतेक दिवशी चार-पाचच पुकारले जातात. अकराला सुरू झालेला तास बाराच्या ठोक्याला संपतो आणि उरलेल्यांची उत्तरं लेखी, सभागृहाच्या पटलावर.