कॉम्प्टनचा केंड्रिक

(दृश्य : कोलंबिया विद्यापीठाची इमारत. पुरस्कारांची यादी वाचणारा आवाज.)

एप्रिल २०१८. पत्रकारिता, साहित्य आणि संगीतासाठीचे अमेरिकेतले पुलित्झर पुरस्कार जाहीर झाले आणि संगीताच्या पुरस्कारापुढे नाव आलं अमेरिकन रॅपर केंड्रिक लमारचं. हा पुरस्कार १९४३ पासून दिला जातो. इतक्या वर्षांत तो पाश्चात्त्य अभिजात संगीत आणि जॅझ यांच्या बाहेर कधी गेला नव्हता. आता तो मिळाला ‘डॅम’ या रॅपच्या अल्बमला. परीक्षकांनी दाद दिली ती बोलीच्या अस्सलपणाला आणि लयीच्या जोमाला. रॅपला शिवराळ बडबड म्हणणाऱ्यांनी ही दाद नीट ऐकावी.

(दृश्य : कॉम्प्टनचे सरळ रस्ते, बैठी घरं, ताडाची झाडं.)

कॉम्प्टन हे लॉस एंजेलिसच्या दक्षिणेचं शहर. वस्ती लाखाच्या आत, म्हणजे नाशिकपुढं लहानसंच. १९८४ मध्ये केनी डकवर्थ आणि पॉला ऑलिव्हर हे जोडपं शिकागोतल्या गुंडांच्या टोळ्यांना कंटाळून इथं आलं. जवळ पाचशे डॉलर आणि कचऱ्याच्या पिशव्यांत भरलेले कपडे. १७ जून १९८७ ला केंड्रिक जन्मला. पण ज्या टोळ्यांपासून आईवडील लांब पळाले, त्या इथंही होत्याच. पाच वर्षांचा असताना त्यानं घरासमोर गोळी घालून झालेला खून पाहिला. आठ वर्षांचा असताना वडिलांच्या खांद्यावर बसून आणखी एक गोष्ट पाहिली : त्याच्याच शहरात टुपाक आणि डॉक्टर ड्रे हे नावाजलेले रॅपर गाण्याचं चित्रीकरण करत होते.

लहानपणी तो बोलताना अडखळायचा. सातवीत रेजिस इंज नावाच्या शिक्षकांनी वर्गाला कविता लिहायला लावली आणि हा मुलगा वहीत उतरायला लागला. माझ्या मते केंड्रिकच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी घटना हीच. ग्रॅमी वगैरे नंतरचं. तोंडातून न निघणारे शब्द त्याला कागदावर सापडले. सोळाव्या वर्षी के-डॉट या नावानं त्यानं पहिली मिक्सटेप, म्हणजे स्वतःच वाटलेला गाण्यांचा संच, काढली. काही वर्षांनी ते नाव टाकलं आणि आईबापांनी ठेवलेलं घेतलं.

२०१२ मध्ये त्याचा ‘गुड किड, मॅड सिटी’ आला. हा अल्बम म्हणजे कॉम्प्टनमधल्या एका पोराची गोष्ट : आईची व्हॅन घेऊन तो बाहेर पडतो, मित्रांच्या नादानं नको तिथं सापडतो, एक मित्र गमावतो. मधूनमधून फोनवर ठेवलेले आईवडिलांचे निरोप ऐकू येतात. आईला व्हॅन परत हवी आहे, वडिलांना त्यांचे डॉमिनो. रोझक्रान्स नावाचा रस्ता त्याच्या गाण्यांत पुन्हा पुन्हा येतो. जगाला कळावं म्हणून त्यानं तो रस्ता बदलला नाही. जगानंच तो पाठ केला.

(दृश्य : सातपूर. पाळी सुटल्यावरची गर्दी. कानात इयरफोन, मोबाइलवर काहीतरी लिहिणारा मुलगा.)

हे मी नाशिककरांना मुद्दाम सांगतोय. सातपूर-सिडकोतली, पंचवटीतली जी पोरं बीट लावून बार, म्हणजे रॅपच्या ओळी, लिहितात, त्यातली कितीतरी मुंबईच्या हिंदीत लिहितात. घरात बोलतात ते वेगळं, माइकसमोर वेगळं. आणि हे त्या जिल्ह्यात, जिथं सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली वामनदादा कर्डक जन्मले! मुंबईत अंगमेहनतीची कामं करता करता वामनदादा मोठेपणी अक्षरं शिकले आणि बाबासाहेबांचा विचार गावोगाव गाण्यातून घेऊन गेले. २००४ मध्ये नाशिकमध्येच त्यांचं निधन झालं. शब्द आणि ठेका एवढ्याच भांडवलावर माणूस काय करू शकतो, हे दाखवायला आपल्याला कॅलिफोर्नियाची गरज नव्हती. पण केंड्रिक ऐकताना वामनदादा आठवतात, हेही तितकंच खरं.

(दृश्य : रॉबेन बेट, कोठडीची गजांची खिडकी.)

२०१४ मध्ये केंड्रिक दक्षिण आफ्रिकेत गेला. रॉबेन बेटावर नेल्सन मंडेलांची कोठडी पाहिली. परतल्यावर त्यानं आधी केलेलं बरंचसं काम बाजूला ठेवलं आणि २०१५ मध्ये जॅझ-फंकच्या वादकांना घेऊन ‘टू पिंप अ बटरफ्लाय’ काढला. त्यातलं ‘ऑलराइट’ त्याच वर्षी पोलिसी अत्याचाराविरुद्धच्या निदर्शनांत लोकांच्या तोंडी गेलं. गाणं मोर्चात जाणं म्हणजे काय, हे काळाराम मंदिराचा सत्याग्रह झालेल्या शहराला वेगळं सांगायला नको.

मधली वर्षं भराभर सांगतो. ग्रॅमी येत राहिले. २०२२ च्या अल्बममध्ये तो स्वतःच्या घरातल्या जखमा आणि उपचार यांवर बोलला.

मग २०२४. कॅनडाचा रॅपर ड्रेक याच्याशी गाण्यांतून झालेला सामना. आपल्या सवाल-जवाबाची सवय असलेल्यांना ही रीत नवी नाही, पण इथं वार एकमेकांच्या कुटुंबापर्यंत गेले आणि ते मला रुचलं नाही. त्यातलं केंड्रिकचं ‘नॉट लाइक अस’ मात्र सगळीकडे वाजलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या एका गाण्याला पाच ग्रॅमी मिळाले. त्याच महिन्यात सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरात त्यानं तेरा कोटींहून जास्त प्रेक्षकांसमोर कार्यक्रम केला.

(दृश्य : १९ जून २०२४, इंगलवूडचं सभागृह. गच्च भरलेला मंच.)

मला मात्र त्याआधीची ही रात्र जास्त मोलाची वाटते. तेच भांडणाचं गाणं त्यानं पुन्हा पुन्हा म्हटलं आणि लॉस एंजेलिस परिसरातल्या वैरी टोळ्यांमधली माणसं एका मंचावर आणली. सगळ्यांचा एकत्र फोटो काढला. ज्या टोळ्यांच्या भीतीनं त्याचे आईवडील शिकागो सोडून आले, तसल्याच टोळ्यांमधली माणसं होती ती.

पहिल्यांदाच ऐकणार असाल तर २०१२ च्या अल्बमपासून सुरुवात करा. गाण्यांचा क्रम बदलू नका, शब्द समोर ठेवा आणि आईवडिलांचे निरोप पुढे ढकलू नका. गोष्ट तिथंच उलगडते.