चाकावरचा सदतिसावा खण

मंडळी, गोव्याला निघालेल्यांना एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मांडवीतल्या बोटीवर चाक वाकडं करून तुम्हाला लुबाडायची कॅसिनोला गरजच नसते. जुगार म्हटलं की आपल्याकडे लगेच धर्मराज निघतो, पण त्याला आज मी मधे आणणार नाही. तिथे फासेच शकुनीचे होते. आपला विषय सरळ फाशांचा आहे, आणि सरळ फाशांनीही माणूस कसा हरतो हे त्याहून जास्त मजेदार आहे.

रूलेटचं चाक घ्या. त्यावर १ ते ३६ आकडे, निम्मे लाल, निम्मे काळे, आणि एक हिरवं शून्य. एकूण खण सदतीस; चाक फिरवल्यावर गोळी ज्या खणात थांबेल तो आकडा आला. एका आकड्यावर रुपया लावला आणि तो आला, तर पस्तीस रुपये मिळतात आणि आपला रुपया परत. म्हणजे हातात छत्तीस. आता समजा, तुम्ही सदतीसही खणांवर एकेक रुपया लावला. नशिबाचा प्रश्नच मिटला, काहीही आलं तरी जिंकलात! खर्च सदतीस, हातात छत्तीस. तो एक रुपया म्हणजे कॅसिनोची अख्खी कमाई. सदतिसात एक, शेकडा २.७. लाल-काळ्यावर लावा, सम-विषमावर लावा, हिशेब तोच. काही चाकांवर शून्याशेजारी दुहेरी शून्यही असतं. तिथे खण अडतीस होतात, पण देणं तेच राहतं, म्हणून कॅसिनोचा वाटा ५.२६ टक्क्यांवर जातो. एका जादा खणाने भाव जवळजवळ दुप्पट! टेबलाशी बसण्याआधी शून्यं मोजा, एवढं तरी नक्की करा.

आता इथे बहुतेक जण चुकतात. २.७ टक्के कशाचे? लोक म्हणतात, मी दहा हजार घेऊन गेलो, म्हणजे फार तर दोनशे सत्तर जातील. तसं नसतं. कॅसिनोचा वाटा खिशातल्या रकमेवर मोजायचा नसतो, टेबलावर लावलेल्या एकूण रकमेवर मोजायचा. तासाला चाळीस वेळा चाक फिरलं, दर वेळी पाचशे लावले आणि तीन तास बसलात, तर तुम्ही साठ हजार लावलेत. तेच दहा हजार इकडून तिकडे फिरत राहिले, पण लावलेले साठ हजार. त्यावर २.७ टक्के म्हणजे सरासरी सोळाशेवीस रुपये. दुहेरी शून्याच्या चाकावर तीन हजारांच्या वर.

मुंबईच्या मटक्याशी ताडून बघा. मटका बेकायदा आहे, मी त्याची भलामण करत नाही, पण त्याचं गणित बघण्यासारखं आहे. शून्य ते नऊ, आकडे दहा. लागला तर रुपयाला नऊ, लावलेला रुपया त्यातच धरून. म्हणजे बुकीचा वाटा सरळ दहा टक्के, रूलेटच्या जवळजवळ चौपट! पण मटक्याचा निकाल दिवसाला दोनदा, ओपन आणि क्लोज. दोन्हीला पाचशे लावणाऱ्याचे दिवसाला सरासरी शंभर जातात. चाकाशी बसलेल्याचे तासाला पाचशेचाळीस. म्हणून जुगार महाग की स्वस्त हे ठरवताना टक्क्याइतकाच वेगही बघायला हवा. सर्वात वेगवान काय? स्लॉट मशीन. बटण दाबायला दोन-तीन सेकंद लागतात, आणि मशीनचा टक्का सहसा समोर लिहिलेला नसतो. टेबलांच्या मानाने मशीनवरचं एकेक बटण स्वस्त वाटतं, तिथेच फसगत होते.

टेबलाजवळ मागचे निकाल दाखवणारा एक फलक असतो. सलग सहा वेळा काळं आलेलं दिसलं की गर्दी लालवर तुटून पडते, ‘आता लाल येणारच’. मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत १८ ऑगस्ट १९१३ च्या रात्री काळं सलग २६ वेळा आलं आणि लालवर लावणारे लोक धुऊन निघाले. चाकाला आठवण नसते. कॅसिनो तो फलक फुकट लावतो, यातच काय ते समजा.

दुसरी लाडकी युक्ती म्हणजे हरल्यावर दुप्पट. शंभर, दोनशे, चारशे... कधीतरी जिंकू आणि सगळं वसूल होईल. सात वेळा हरलात की बारा हजार सातशे गेलेले असतात आणि आठव्या वेळी बारा हजार आठशे लावायचे असतात, शंभर रुपये जिंकण्यासाठी! बरेचदा टेबलाची कमाल मर्यादा आधीच आडवी येते. लागोपाठ सात हारी फार दुर्मिळ वाटतात ना? सुरुवात करणाऱ्या सुमारे १०६ जणांत एकावर ती पाळी येते.

बाकीची टेबलं भराभर सांगतो. बॅकराट या पत्त्यांच्या खेळात ‘बँकर’ नावाच्या बाजूवर कॅसिनोचा वाटा सव्वा टक्क्यापेक्षा कमी, पण ‘टाय’वर, म्हणजे बरोबरीवर, एकाला आठ मिळतात म्हणून हुरळून गेलात तर चौदा टक्के. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात नीट शिकून खेळणाऱ्यासाठी तो अर्ध्या टक्क्यापर्यंत उतरतो, न शिकता खेळणाऱ्यासाठी नाही. आपल्या अंदर-बाहरमध्ये ज्या बाजूला पहिला पत्ता पडतो तिची शक्यता सुमारे साडेएक्कावन्न टक्के असते, म्हणून त्या बाजूला बहुधा रुपयाला नव्वदच पैसे देतात.

प्रवेशाच्या पॅकेजमध्ये जेवणासोबत काही चिप, म्हणजे पैशांऐवजी टेबलावर लावायच्या चकत्या, मिळतात, पण त्यांतल्या कित्येक एकदाच खेळायच्या असतात. जिंकलात तर जिंकलेली रक्कम मिळते, चिप मात्र कॅसिनो ठेवून घेतो. हजाराची अशी चिप लाल-काळ्यावर लावली तर तिची खरी किंमत ४८६ रुपये. तीच एका आकड्यावर लावली तर ९४६! उरलेल्या पैशांनी तसं करू नका म्हणा, आणि चिपवरची अट आधी वाचा. काही ठिकाणी एका आकड्यावर ती चालतच नाही.

कायद्याचं थोडक्यात. गोव्याच्या १९७६ च्या जुगाराच्या कायद्यात १९९२ साली दुरुस्ती झाली आणि पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना परवानगी मिळाली. १९९६ मध्ये बोटींवर टेबलावरच्या खेळांना मिळाली. प्रवेशाला वय एकवीस हवं आणि गोव्याच्या रहिवाशांना २०२० पासून खेळायला मज्जाव आहे. महाराष्ट्राचाही कॅसिनोचा कायदा होता, तोही १९७६ चाच. तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. करांचं मात्र लक्ष ठेवा. चिप विकत घेताना पूर्ण रकमेवर जीएसटी, १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. चाकाच्या २.७ टक्क्यांवर आपण एवढा वेळ घालवला, पण हा आकडा दारातच उभा आहे! तो कोणी किती सोसला हे पावतीवर बघून घ्या. जिंकलेल्या रकमेवर तीस टक्के प्राप्तिकर वेगळा, आणि हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत.

मागून प्रश्न आलाय, की मग जिंकून येणारे लोक खोटं बोलतात का? नाही हो, खरंच जिंकलेले असतात. आपलाच तीन तासांचा हिशेब धरा, १२० फेऱ्या, सगळ्या लालवर, कर बाजूला ठेवून. शंभरातले साधारण पस्तीस जण बाहेर पडताना पुढे असतात. परतीच्या बसमध्ये बोलतात तेच, बाकीचे खिडकीबाहेर बघत बसतात. त्याच माणसांनी अशा दहा रात्री खेळल्या तर एकूण हिशेबात पुढे असलेले सुमारे सतरा उरतात. तीस रात्रींनंतर पाच.