साइड ऱ्हिदम : मुंबईच्या तालवादकांचा सरंजाम

(दृश्य : दादरचे शिवाजी मंदिर. दुपारची वेळ. टॅक्सीच्या टपावरून काळ्या पेट्या उतरवल्या जात आहेत.)

मराठी गाण्यांचा कार्यक्रम रात्री साडेआठला असेल, तर तालवादक दुपारीच नाट्यगृहात पोहोचलेला असतो. गायकाला माइक तयार मिळतो आणि बासरीवादकाचे सारे सामान एका पिशवीत मावते. ऱ्हिदमिस्टला मात्र स्टँड उभे करायचे असतात, केबली जोडायच्या असतात, ढोलकी स्वरात लावायची असते आणि एवढे झाल्यावर साउंड चेकसाठी प्रत्येक वाद्य एकेक करून वाजवून दाखवायचे असते. प्रेक्षक आत येतात तेव्हा ही मांडामांड आटोपलेली असते, त्यामुळे तिच्यामागचे कष्ट आणि विचार कोणाच्या नजरेस पडत नाहीत. मुंबईतला व्यावसायिक तालवादक कोणते सामान वापरतो आणि नेमके तेच का वापरतो, याचा हा मागोवा आहे. त्यातही आठ रबरी पॅडांच्या ‘ऑक्टोपॅड’ या इलेक्ट्रॉनिक पेटीपाशी आम्ही अधिक वेळ थांबणार आहोत, कारण या पेटीवर वर्षानुवर्षे चरितार्थ चालवणाऱ्या वादकांना आजही ‘मशिनवाले’ म्हटले जाते आणि ते आम्हाला मान्य नाही.

(दृश्य : ताजमहाल हॉटेलची जुनी छायाचित्रे.)

ड्रमसेट मुंबईत रुळला तो मोठ्या हॉटेलांच्या नृत्यगृहांत. 1935 साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकी वादकाचा जॅझ वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजू लागला आणि त्यानंतरच्या काळात गोव्याच्या ख्रिस्ती, पारशी आणि अँग्लो-इंडियन वादकांनी हे संगीत आपलेसे केले. ड्रमसेट ही मुळात सोयीतून जन्मलेली रचना आहे. 1909 साली अमेरिकेत लुडविग यांनी जलद चालणारे पायपेडल बाजारात आणले आणि पूर्वी दोन-तीन वादकांना मिळून वाजवावी लागणारी वाद्ये एकाच माणसाच्या हातापायांखाली आली. जागा थोडी, माणसे मोजकी आणि आवाज मात्र भरगच्च हवा, ही हॉटेलमालकांची गरज ड्रमसेटने भागवली. मुंबईतल्या तालवाद्यांची पुढची सारी वाटचालही याच गरजेभोवती फिरत आलेली आहे.

रात्री हॉटेलात वाजवणारे वादक दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला जात. लॅटिन अमेरिकी तालवाद्ये हिंदी चित्रपटसंगीतात रुजवणाऱ्यांमध्ये कावस लॉर्ड यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. त्यांचे चिरंजीव केर्सी आणि बुजी हे दोघेही याच क्षेत्रात नावारूपाला आले. ड्रमसेटवर लेस्ली गोदिन्हो आणि फ्रँको वाझ यांनी एक काळ गाजवला. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये किंवा वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत गाणे मुद्रित होत असे, तेव्हा तालवादकांचा मोठा ताफा एकाच वेळी बसलेला असे आणि एकाची मात्रा चुकली तर सर्वांना पुन्हा पहिल्यापासून वाजवावे लागे. तबला, ढोलक आणि ड्रमसेट हे मुख्य. खंजिरी, घुंगरू, मराकस, कबासा, ट्रँगल, डफ, मंजिरा असे जे बाकी सर्व, त्याला स्टुडिओच्या बोलीत ‘साइड ऱ्हिदम’ हे नाव पडले आणि ते आजतागायत टिकून आहे.

या बाजूला बसलेल्या वादकांचे काम मात्र दुय्यम नव्हते. राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यातले मारुतीराव कीर आणि अमृतराव काटकर ही मराठी नावे जाणकार आजही आदराने घेतात. काटकरांची ओळख रेसो-रेसो या वाद्याशी कायमची जोडली गेली आहे. आडव्या खाचा पाडलेल्या पृष्ठभागावर काडी फिरवून ते वाजवतात. खाचांवरून काडी किती दाबाने, किती वेगाने आणि कुठपर्यंत न्यायची, एवढ्यावरच त्याचे सारे सौंदर्य अवलंबून असते. काडी लवकर उचलली तर ठेका तुटक होतो, उशिरा उचलली तर पुढच्या मात्रेवर सांडतो. गाणे ऐकताना आपले लक्ष त्याच्याकडे जात नाही, पण तो आवाज काढून टाकला तर चाल जागच्या जागी बसून गेल्यासारखी वाटते.

(दृश्य : ऑक्टोपॅडचा पाठीमागचा भाग, केबलींची छिद्रे, वाचता न येण्याइतकी घासलेली अक्षरे.)

यंत्रे आली ती 1980 नंतर. जपानच्या रोलँड कंपनीचे टीआर-808 हे तालयंत्र 1980 चे. पुढे चरणजित सिंग यांनी मुंबईतच हे यंत्र वापरून रागांवर आधारित इलेक्ट्रॉनिक संगीत ध्वनिमुद्रित केले आणि काही दशकांनंतर जगभरातल्या संगीतप्रेमींना त्याचा नव्याने शोध लागला. परंतु तालयंत्र आधी भरलेला ठेका वाजवते. वादकाच्या हाताला त्यात वाव कमी. 1985 साली त्याच कंपनीने पॅड-8 हा पहिला ऑक्टोपॅड आणला, तेव्हा परिस्थिती पालटली. या पहिल्या पेटीत स्वतःचा एकही आवाज नव्हता. काठी रबरावर पडली की कोणते पॅड वाजले आणि किती जोरात वाजले, एवढाच संदेश ती मिडी केबलमधून दुसऱ्या यंत्राकडे पाठवत असे. 1998 च्या एसपीडी-20 मध्ये सातशे आवाज पेटीतच आले, शिवाय बेस ड्रम आणि हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) यांच्यासाठी पायपेडल जोडण्याची सोयही मिळाली.

मुंबईने ही पेटी का उचलून धरली, याची कारणे संगीताइतकीच शहराच्या रचनेतही सापडतात. ड्रमसेट, कोंगा, बोंगो आणि साइड ऱ्हिदमचा बोजा घेऊन विरारहून किंवा बदलापूरहून दादरला यायचे, तर लोकलच्या लगेज डब्याशिवाय पर्याय नाही, आणि रात्री बाराच्या पुढे परतताना तोही भरवशाचा नाही. ऑक्टोपॅडचे वजन चार किलोंच्या आसपास असते. तो पाठीवर टाकून स्टँड हातात घेतला की वादक एकटा प्रवास करू शकतो. त्यात कार्यक्रमाचे अंदाजपत्रक ठरलेले असते आणि चार वादकांचे मानधन दोघांत भागावे अशी आयोजकाची अपेक्षा असते. शिवाय पावसाळा आहेच. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुंबईच्या दमट हवेत चामड्याच्या पुड्या सैलावतात, दिमडी आणि हलगी शेकून घेतल्याशिवाय बोलत नाहीत, आणि तबल्याचा स्वर पहिल्या गाण्यापासून तिसऱ्या गाण्यापर्यंत टिकवणे हीच कसोटी होऊन बसते. रबराला यातले काहीच सोसावे लागत नाही.

आता ही पेटी जवळून पाहू. कार्यक्रमात वीस गाणी असतील, तर वादकाने वीस पॅच, म्हणजे आठ पॅडांवरच्या आवाजांच्या वीस मांडण्या, तयार करून आणलेले असतात. लावणीच्या पॅचमध्ये वरच्या ओळीत टाळ, घुंगरू आणि खंजिरी, तर खालच्या ओळीत हलगी आणि ढोलकीच्या थापा असतात. पुढचे गाणे भावगीत असेल, तर त्याच पॅडांवर ब्रश, ट्रँगल आणि विंड चाइम्स येतात. दोन गाण्यांमध्ये निवेदक बोलत असतो तेवढ्या अवधीत पॅच बदलायचा असतो. एकाच पॅडवर दोन आवाज चढवलेले असतात. हलके वाजवले तर एक उमटतो, जोर दिला तर दुसराही जोडीला येतो. काठीऐवजी बोटांनी वाजवायचे असेल, तर पॅडची संवेदनक्षमता वाढवावी लागते. पण ती फार वाढवली, तर एका पॅडवरच्या आघाताने शेजारचे पॅडही बोलू लागते. लाकडी रंगमंचाखाली मोठे स्पीकर असतील, तर त्यांच्या धक्क्याने पॅड आपोआप वाजण्याचाही धोका असतो. म्हणून अनुभवी वादक स्टँडच्या पायाखाली जाड रबर किंवा सतरंजीची घडी ठेवतो आणि साउंड चेकच्या वेळी मुद्दाम बेस गिटार मोठ्याने वाजवायला सांगून खात्री करून घेतो. ज्याला हे सारे आठ चौकोनांत बांधता येते आणि गायकाच्या श्वासाबरोबर हलते ठेवता येते, तो वाद्यच वाजवत असतो.

2020 साली रोलँडने एसपीडी-20 प्रो बाजारात आणला, तेव्हा जुन्या पेटीतले आवाज त्यात कायम ठेवले. बावीस वर्षांपूर्वीचे आवाज नव्या यंत्रात जपावे लागतात, याचा अर्थ वादकांच्या हातांना आणि श्रोत्यांच्या कानांना त्या आवाजांची सवय झालेली आहे. गणपतीच्या मिरवणुकीत लालबाग-परळच्या बेंजो पथकात ऑक्टोपॅड वाजवणाऱ्या मुलाला जो ‘टण’ हवा असतो, तो त्याला त्याच पोताचा हवा असतो. त्याहून शुद्ध आणि महागडा नमुना देऊ केला तरी त्याचे समाधान होत नाही.

तरीही एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. ऑक्टोपॅड आघाताचा आवाज उत्तम देतो. घासून, हलवून किंवा दाबून निघणारा आवाज त्याला तितका साधत नाही. ढोलकीच्या धुमाचा, म्हणजे खर्जाच्या बाजूचा, घुमारा हा तळहाताच्या दाबाने वरखाली होतो. घुंगरांचा आवाज मनगट जितका वेळ हलेल तितकाच लांबतो. हे आवाज पॅडवरून येतात, तेव्हा दर वेळी त्याच लांबीचे येतात आणि कानाला ते लगेच जाणवते. म्हणूनच जे संयोजक जाणते आहेत, ते ऑक्टोपॅडच्या शेजारी खरी ढोलकी आणि साइड ऱ्हिदमचा एक तरी वादक ठेवतातच. तो एक माणूस कमी करून वाचवलेले पैसे गाण्यातून वजा झालेले असतात.

(दृश्य : धोबीतलाव. वाद्यांच्या दुकानाच्या काचेमागे रांगेने टांगलेली झांजेची तबके.)

ड्रमसेटवाल्यांचे गणित निराळे आहे. धोबीतलावच्या फुर्टाडोज या दुकानाची परंपरा 1865 पासूनची आहे, आणि त्या परिसरात ड्रमसेट न्याहाळत उभे राहणारे विद्यार्थी आजही दिसतात. परंतु व्यावसायिक ड्रमर मोठ्या कार्यक्रमाला स्वतःचा पूर्ण सेट क्वचितच नेतो. बेस ड्रम, टॉम आणि स्टँड भाड्याने येतात. तो स्वतः नेतो ते स्नेअर (तारा लावलेला, कडक आवाजाचा छोटा ड्रम), सिंबल म्हणजे झांजा, पेडल आणि काठ्या. सिंबल भाड्याचे चालत नाहीत, कारण वादकाची ओळख तिथेच असते. उत्तम सिंबल ऐंशी टक्के तांबे आणि वीस टक्के कथील यांच्या मिश्रधातूचे असतात. झिल्जियान घराण्याची ही विद्या 1623 पासूनची, मूळची इस्तंबूलची. मुंबईच्या खाऱ्या हवेत त्यावर डाग चढतात, म्हणून वाजवून झाल्यावर ते कोरड्या फडक्याने पुसून कापडी पिशवीत ठेवावे लागतात. ड्रमच्या पुडीचा प्रश्न मात्र 1957 च्या सुमाराला सुटला. रेमो बेली यांनी प्लास्टिकच्या पुड्या बाजारात आणल्या आणि दमट हवेतही स्वर टिकू लागला.

घरी सराव करणे हे मुंबईत सर्वांत अवघड. दोन खोल्यांच्या घरात, भिंतीला भिंत लागून शेजारी असताना, ड्रमसेट वाजवणे शक्यच नसते. 1997 साली रोलँडने व्ही-ड्रम्स या इलेक्ट्रॉनिक ड्रमसेटमध्ये जाळीच्या पुड्या आणल्या, हेडफोन लावून वाजवता येणारा सेट मिळाला, आणि ज्यांना तो परवडला त्यांची सोय झाली. ज्यांना परवडत नाही ते रबरी पॅडवर किंवा उशीवर हात तयार करतात. 2022 मध्ये याच रोलँडने अमेरिकेतील ड्रम वर्कशॉप ही लाकडी ड्रम बनवणारी नामांकित कंपनी विकत घेतली, तेव्हा लाकूड आणि वीज यांच्यातले जुने वैर संपत आल्याची ती खूण होती. मुंबईच्या वादकांनी ते वैर कधी फारसे मानलेच नव्हते.

सरंजाम कसाही असो, तो वादकाच्या विचाराने बदलतो, याची मोठी उदाहरणे याच शहरातली आहेत. 1951 साली मुंबईत जन्मलेले त्रिलोक गुर्टू हे ज्येष्ठ ठुमरी गायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव. ते जमिनीवर बसून वाजवता येईल असा सेट मांडतात आणि वाजती झांज पाण्याच्या बादलीत बुडवून तिचा स्वर वाकवतात. रणजित बारोट ड्रमसेटवर बसून तोंडाने तालाचे बोल म्हणतात आणि तेच बोल हातापायांतून उमटवतात. मूळचे चेन्नईचे शिवमणी तर सूटकेस आणि बादलीही तितक्याच गांभीर्याने वाजवतात.

या पेशाची जी किंमत शरीराला मोजावी लागते, तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. 85 डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत सहन करता येतो असे व्यावसायिक आरोग्याचे मानक सांगते. त्यापुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे 100 डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे उरतात. स्नेअरवरचा जोराचा फटका याहून बराच मोठा असतो आणि मिरवणुकीच्या टेम्पोवर उभा असलेला वादक तर तासन्‌तास भोंग्यांच्या भिंतीसमोर असतो. कानातले प्लग ही या सरंजामातली सर्वांत स्वस्त वस्तू आहे. ती नव्या मुलाच्या पिशवीत काठ्यांच्या आधी जायला हवी, असे आम्ही आग्रहाने सांगू.

(दृश्य : एका कार्यक्रमपत्रिकेचा शेवटचा रकाना.)

शिकण्याच्या वाटाही सारख्या नाहीत. तबल्यासाठी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आहेत, ड्रमसेटसाठी ट्रिनिटी कॉलेजच्या श्रेणी आहेत. ऑक्टोपॅड मात्र बहुतेक जण एखाद्या ज्येष्ठ वादकाच्या शेजारी बसून, त्याच्या केबली गुंडाळत आणि त्याचे पॅच उतरवून घेत शिकतात. त्यामुळे कोण कोणाकडे शिकला आणि कोणत्या गाण्यातला तुकडा कोणाचा, याची नोंद कागदावर राहत नाही. पत्रिकेवर गायकांची छायाचित्रे असतात, संगीत संयोजकाचे नाव असते आणि खाली ‘तालवाद्ये : सहकारी’ एवढेच छापलेले असते. कॉपीराइट कायद्यात 2012 साली झालेल्या दुरुस्तीनुसार, सादरीकरणाचा व्यावसायिक वापर झाल्यास कलावंताला रॉयल्टी मिळण्याची तरतूद आहे, आणि कायद्याच्या व्याख्येप्रमाणे वादकही कलावंतच आहे. परंतु वाजवले कोणी हेच नोंदलेले नसेल, तर ती रक्कम मागणार कोण आणि देणार कोणाला? या चित्रफितीच्या अखेरीस येणाऱ्या श्रेयनामावलीत पार्श्वसंगीतातले प्रत्येक तालवाद्य आणि ते वाजवणाऱ्याचे नाव स्वतंत्र ओळीत दिलेले आहे.