चारशेला एक कमी

मंडळी, अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे, एवढं आधीच सांगून टाकतो. चेंडू अंडाकृती, डोक्यावर हेल्मेट आणि पाय मुख्यतः पळायला. आज ज्यांच्याबद्दल बोलायचं ते बॉब लॅडुसूर हे या खेळाचे शाळेतले प्रशिक्षक. कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेला कॉन्कॉर्ड नावाचं गाव आहे. तिथली डे ला साल ही मुलांची कॅथलिक शाळा.

१९७९ मध्ये लॅडुसूर तिथे आले तेव्हा पंचविशीत होते. शाळा १९६५ ची, पण हरलेल्या सामन्यांपेक्षा जिंकलेले जास्त, असा एकही मोसम तिने तोवर पाहिला नव्हता. इथे येण्याआधी लॅडुसूर बालगुन्हेगारांच्या सुधारगृहात काम करत होते. शाळेत ते धर्मशिक्षणही शिकवत. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. वर्गात ज्या पोरांना आपण कसं वागावं हे विचारायचं, तीच पोरं संध्याकाळी मैदानावर! आपल्याकडे पीटीचा तास गणिताच्या सरांना देऊन टाकतात, तिथे हे कसं जमणार, असो.

डावपेचाचं थोडक्यात सांगतो. त्यांची चाल ‘व्हीर’. समोरच्या संघाचा एक खेळाडू मुद्दाम मोकळा सोडायचा, कुणीच अडवायचा नाही. तो कुणावर धावून येतो ते पाहून क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू हाती घेऊन चाल सुरू करणाऱ्या खेळाडूने, ऐन वेळी ठरवायचं: चेंडू साथीदाराला द्यायचा, की स्वतः घेऊन पळायचं. यात अंगापिंडाने लहान पोरंही धिप्पाड संघाला भारी पडतात, पण पुढच्या फळीतल्या सगळ्यांचं पहिलं पाऊल एकाच क्षणी पडलं पाहिजे. लॅडुसूर त्या एका पावलावर तासन् तास घालवत.

पण खरी गोष्ट कार्डांची. दर आठवड्याला प्रत्येक मुलगा एका कार्डावर लिहायचा: या आठवड्यात सरावात मी काय करीन, व्यायामशाळेत किती वजन उचलीन, सामन्यात माझ्याकडून काय होईल. ‘जीव तोडून खेळेन’ असलं मोघम चालत नसे. मग ते कार्ड सगळ्यांसमोर वाचून एका साथीदाराच्या हाती द्यायचं. पुढच्या वेळी तो साथीदार उभा राहून सांगणार, याने शब्द पाळला की नाही. विचार करा, सोळा वर्षांचा पोरगा जिवलग मित्राबद्दल चारचौघांत म्हणतोय, ‘नाही पाळला.’ सरांना थाप मारता येते हो, आपण सगळ्यांनीच मारल्यात. पण आठवडाभर शेजारी घाम गाळणाऱ्याला कशी मारणार? सामन्याला मैदानात उतरताना ही मुलं एकमेकांचा हात धरून चालत येत.

यातून जे झालं त्याचे आकडे ऐका. १९९२ ते २००३, सलग बारा मोसम, १५१ सामने, एकही हार नाही. आधीचा विक्रम मिशिगनमधल्या हडसनच्या शाळेचा होता, ७२ सामन्यांचा. २००१ मध्ये लाँग बीच पॉली या शाळेशी गाठ पडली तेव्हा देशाच्या क्रमवारीतला पहिला आणि दुसरा संघ समोरासमोर होते. डे ला सालने २९–१५ ने जिंकलं. पुढे व्यावसायिक खेळात नाव कमावलेला मॉरिस जोन्स-ड्रू त्या दिवशी या संघातून खेळत होता.

विजयाची साखळी लांबत जाते तशी ती गळ्यात पडते. ‘आमच्या वर्षी तुटली’ असं कुठल्या मुलाला म्हणवून घ्यायचंय? २००३ संपता संपता लॅडुसूरना हृदयविकाराचा झटका आला. पुढच्या ऑगस्टमध्ये, नुकताच शाळा संपवलेला त्यांचा एक खेळाडू रिचमंड शहरात गोळीबारात गेला. दोन दिवसांनी तो विद्यापीठात खेळायला ओरेगनला निघणार होता. महिनाही उलटला नव्हता, तोच सिएटलमध्ये बेलव्ह्यू संघाने त्यांना ३९–२० ने हरवलं. बारा वर्षांची मालिका तिथे संपली. त्या पोरांनी काय काय खांद्यावर घेऊन तो सामना खेळला असेल, हे गुणफलकावर कुठे दिसणार?

त्यानंतरही ते आठ वर्षं प्रमुख प्रशिक्षक राहिले. २०१२ चा शेवटचा सामना जिंकून त्यांनी जबाबदारी सोडली तेव्हा हिशेब होता ३९९ विजय, २५ पराभव, ३ बरोबरीत. आपण क्रिकेटवाली माणसं, नव्याण्णववर कुणी डाव घोषित केला तर रात्रभर हळहळतो. ते मात्र चारशेसाठी आणखी एक मोसम थांबले नाहीत. सूत्रं त्यांच्याच एका माजी खेळाडूकडे गेली.