बिनपाण्याच्या बेटावरची डाळ

नमस्कार श्रोतेहो.

ग्रीसमधल्या सांतोरिनी बेटाचे फोटो तुम्ही पाहिले असतील. पांढरीशुभ्र घरं, निळे घुमट, खाली समुद्र. हल्ली आपल्याकडची नवी जोडपीही तिथे फोटो काढून येतात. मला मात्र आज त्या घरांच्या पाठीमागच्या शेतांबद्दल बोलायचंय.

या बेटावर नदी नाही. पाऊस आपल्या माणदेशापेक्षाही कमी, आणि तोही हिवाळ्यात. उन्हाळा जवळजवळ कोरडा. जमीन म्हणजे ज्वालामुखीची राख आणि प्युमिस, आपण टाचा घासायला घेतो ना, तसा हलका, भोकाभोकांचा दगड. पण रात्री समुद्रावरून दमट वारा आला की हा दगड ओल पिऊन घेतो आणि मग मुळांना थोडी थोडी देत राहतो. ठिबक सिंचनच म्हणा, फक्त नळ्या नाहीत आणि अनुदानही नाही.

द्राक्षाचे वेल तिथे मांडवावर चढवत नाहीत. जमिनीलगत गोल गोल वळवून त्यांची टोपली विणतात आणि घड त्या टोपलीच्या पोटात वाढतात. बाहेर बोचरा वारा सुटलेला असतो, आत दव टिकून राहतं. वेल म्हातारा झाला की वरचा भाग छाटून टाकतात. जुन्या मुळांवर नवे फुटवे येतात.

याच ओलीवर एक डाळ पिकते, ‘फावा’. नावावरून फसू नका. बाहेर फावा म्हटलं की वालासारखा मोठा दाणा डोळ्यांपुढे येतो. ही तो नव्हे. ही लॅथिरस कुळातली, म्हणजे विदर्भातल्या लाखोळीची चुलत बहीण. अक्रोटिरी नावाचं या बेटावरचं गाव साडेतीन हजार वर्षांपूर्वी राखेखाली गाडलं गेलं. 1967 साली तिथे खोदकाम सुरू झालं आणि पुढे त्या गावाच्या अवशेषांत हीच डाळ सापडली.

काढणी पहाटेची. दव असतानाच झाडं हातानं उपटायची, कारण ऊन चढलं की शेंगा तडकतात आणि दाणे मातीत जातात. आपल्याकडे हरभरा काढणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. मग खळ्यावर मळणी. पण लगेच भरडत नाहीत; राखेच्या थरात कोरलेल्या थंड तळघरांत दाणा कित्येक महिने नुसता वाळू देतात.

शिजवायला काय लागतं? पाणी, कांदा, मीठ. फेस काढत काढत मंद आचेवर घोटायची, पिठल्याइतकी दाट झाली की वर ऑलिव्हचं तेल, लिंबू, चिरलेला कच्चा कांदा आणि केपर. केपर म्हणजे बेटावरच्या दगडी बांधांवर आपोआप उगवणाऱ्या झुडपाच्या कळ्या, खारवलेल्या. फोडणी नाही, हळद नाही. मी घरी मसुरीच्या डाळीवर हा प्रयोग केला तेव्हा माझा हात दोनदा मोहरीच्या डब्याकडे गेला, खरं सांगते.

ग्रीक ऑर्थोडॉक्स पंचांगात वर्षाचे जवळजवळ निम्मे दिवस उपासाचे. त्या दिवसांत मांस, अंडी, दूध वर्ज्य. त्यामुळे डाळी आणि रानभाज्या हा तिथे हौसेचा पदार्थ कधी नव्हताच, ते रोजचं जेवण. रानभाज्यांना ते ‘होर्ता’ म्हणतात. उकडायच्या, तेल-लिंबू घालायचं, आणि उकडलेलं पाणीही लिंबू पिळून पिऊन टाकायचं. या होर्तामध्ये माठाची भाऊबंद ‘व्लिता’ असते. कोशिंबिरीत ‘ग्लिस्त्रिदा’ घालतात. ही ग्लिस्त्रिदा म्हणजे आपली घोळ! आपल्याकडे ती तण म्हणून उपटून बांधावर फेकली जाते. तिथे ती दह्यात कालवतात.

आता थोडं कडू. सांतोरिनीच्या फावाला युरोपीय संघाचं, आपल्या जीआयसारखं मानांकन आहे. पण शेतं हॉटेलांखाली चालली आहेत, डाळ महाग झाली आहे. गरिबाचं रोजचं जेवण आता पाहुण्यांच्या ताटात नखाएवढं वाढलं जातं.

आणि उरलेल्या फावाचं काय करतात? दुसऱ्या दिवशी तेलात कांदा लालसर परततात, टोमॅटो आणि केपर घालतात आणि त्यात कालची घट्ट झालेली डाळ ढकलतात. तिला म्हणतात ‘पान्द्रेमेनी’. म्हणजे लग्न झालेली. काल एकटी होती, आज कांद्याशी तिचं लग्न लावलं.